लॅन्थॅनमचं टार्गेट पावसाळ्यात पीठ होऊ नये म्हणून

चिपवर ऑक्साइडचा पातळ थर चढवायला स्पटरिंग मशीनमधे जी चकती लागते ना, टार्गेट म्हणतात ते, ती नुसत्या लॅन्थॅनम ऑक्साइडची करायच्या भानगडीत पडू नका, नाशकात जून ते सप्टेंबर तर नकोच. हा माल हवेतलं पाणी पण ओढतो आणि कार्बन डायऑक्साइड पण, त्याचं हायड्रॉक्साइड झालं की आकारमान जवळजवळ 1.7 पट होतं, मग भट्टीतून दगडासारखी निघालेली चकती आधी कडेला पांढरी पडते, पापुद्रे सुटतात आणि शेवटी हातात भुकटी. सिलिका जेल टाका नाहीतर डबल पिशवी करा, पिशवी उघडली की पुन्हा तेच.

त्यापेक्षा ॲल्युमिनाशी, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडशी, बांधून लॅन्थॅनम ॲल्युमिनेटच करा. त्याला पाण्याचं काही पडलेलं नसतं, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटही, म्हणजे थर किती विद्युतभार साठवून धरतो त्याचं माप, 24 च्या आसपास. फक्त थरात ॲल्युमिनियम येणार, ते चालतंय का हे गिऱ्हाइकाला आधीच विचारून घ्या.

खरी मेख वजनात आहे. 100 ग्रॅम ॲल्युमिनेटला 76.2 ग्रॅम लॅन्थॅनम ऑक्साइड, 23.8 ग्रॅम ॲल्युमिना. पण बाटलीतली लॅन्थॅनम ऑक्साइडची पावडर पूर्ण हायड्रॉक्साइड झालेली असेल तर 100 ग्रॅममधे ऑक्साइड निघतं जेमतेम 86, म्हणजे हिशोब तिथेच बोंबलला. म्हणून पावडर आधी 1000 डिग्रीला दोन-तीन तास भाजा, 200 च्या आसपास असतानाच डेसिकेटरमधे (हवाबंद कोरड्या भांड्यात) टाका आणि गार झाली की लगेच वजन, चहा पिऊन येतो मग करू असं इथे चालत नाही.

दोन्ही पावडरी एकत्र दळायच्या (मिलिंग) त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे, पाण्यात नाही. वाळवून 1300 ला भाजा, एक्सआरडीत (एक्स-रे टाकून आत कुठली संयुगं आहेत ते बघायची चाचणी) मोकळ्या लॅन्थॅनम ऑक्साइडचे पीक दिसले तर परत दळा, परत भाजा. मग पावडर धरून ठेवायला थोडं पीव्हीए (डिंकासारखं पॉलिमर) घालून प्रेस करा, ते सावकाश जळून जावं म्हणून 600 पर्यंत मिनिटाला एक डिग्रीनेच चढवा, घाई केली की तडा गेलाच म्हणून समजा. पुढे 1600, आणि चकतीखाली त्याच पावडरचा थर पसरा म्हणजे ती भट्टीतल्या प्लेटला चिकटत नाही. नाशकात अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटवाले पुष्कळ आहेत पण त्या भट्ट्या स्टीलच्या हिशोबाच्या, आपल्याला एवढ्या तापमानाला टिकणारी मॉली (मॉलिब्डेनम) डायसिलिसाइड एलिमेंटवाली लागते.

चकतीचं तांब्याच्या प्लेटवर इंडियमने (मऊ धातूने) बाँडिंग करायच्या आधी त्याच बॅचचा एक तुकडा रात्रभर पाण्याच्या ग्लासात ठेवा. सकाळी तळाला पांढरा गाळ दिसला तर मोकळं लॅन्थॅनम ऑक्साइड उरलंय, ती बॅच परत मिलमधे.