क्लेम नाकारल्याचं पत्र हाती आलं की

पक्षकार आला की आधी राग सांगतो. मी ऐकते, पण हात पुढे करते तो नकाराच्या पत्रासाठी. विमा कंपनीने नेमकं कोणतं कलम पुढे केलंय, त्याखाली लाल रेघ. मग पॉलिसी उघडायची. चकचकीत माहितीपत्रक नव्हे, मूळ दस्त, पुरवण्यांसकट. आधी व्याख्या वाचा, मग अपवाद. 'पूर' आणि 'पाणी साचणे' यांच्या मधल्या फटीत अख्खा दावा बुडतो. शब्द खरोखर संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ मसुदा लिहिणाऱ्याच्या, म्हणजे कंपनीच्या विरोधात लावतात. अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचा भारही सहसा तिच्यावरच.

आपली बाजूही उकरून पाहा. अर्जात आजार लपवला होता का? १७६६ च्या कार्टर विरुद्ध बोहम खटल्यापासून परम सद्भावनेचं तत्त्व, म्हणजे दोन्ही बाजूंनी महत्त्वाची माहिती न लपवणं, विमा कायद्यात मुरलेलं आहे. हे मी पक्षकाराला एकट्याला बसवून विचारते. नातेवाइकांसमोर खरं बाहेर येत नाही.

नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल, फोटो, ईमेल तारखेनुसार लावा. दावा दाखल करायच्या मुदतीची तारीख फाइलच्या पुठ्ठ्यावर, ठळक. एकदा ती माझ्या लक्षात आली तेव्हा चारच दिवस उरले होते. दावा रात्री दोनला टाइप केला.