ब्रुजमध्ये दोघांनी निवांत सुट्टी कशी घालवावी: सोलापूरकरांसाठी मार्गदर्शन

बेल्जियममधील ब्रुज हे कालव्यांचे जुने शहर बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात अर्ध्या दिवसापुरते असते. सकाळी ब्रुसेल्सहून बस येते, चौकात छायाचित्रे काढली जातात, चॉकलेटची खरेदी होते आणि संध्याकाळच्या आत सगळे परत फिरतात. विश्रांतीसाठी जाणाऱ्या जोडप्याने नेमके याच्या उलट करावे. किमान चार रात्री ब्रुजमध्येच, शक्यतो कालव्यांनी वेढलेल्या जुन्या भागात मुक्काम करावा, कारण दिवसाचे पर्यटक परतल्यावर हे गाव जसे शांत होते, ते अनुभवण्यासाठीच एवढा लांबचा प्रवास करायचा आहे.

जाण्याचा काळ आपल्याकडच्या उन्हाळ्यावरून ठरवणे सोयीचे पडते. मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढे जात असताना तिकडे दुपारी साधारण पंधरा ते वीस अंश तापमान असते, आणि जूनमध्ये तर रात्री दहापर्यंत उजेड राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार असते. सप्टेंबर मात्र चांगला. जानेवारीत गड्ड्याची यात्रा सोडून जाण्यात काहीच लाभ नाही, कारण कालव्यांतील पर्यटक नौका साधारणपणे मार्च ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच चालतात. पाऊस बारा महिने केव्हाही येतो, त्यामुळे मे महिन्यातसुद्धा स्वेटर आणि टोपीचा रेनकोट सोबत हवा.

व्हिसाच्या कामाला सर्वांत आधी लागावे. बेल्जियमसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. परंतु उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून निदान तीन महिने हाताशी ठेवावेत. प्रौढ व्यक्तीसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी विमा आवश्यक असतो. बोटांचे ठसे द्यायचे असल्यास पती-पत्नी दोघांनाही स्वतः हजर राहावे लागते, त्यामुळे दोघांच्या भेटीची वेळ एकाच दिवशी घ्यावी. मुंबईच्या दोन फेऱ्या होऊ देऊ नयेत. ब्रुसेल्सच्या विमानतळावरून ब्रुजपर्यंत रेल्वेने साधारण दीड तास लागतो. तेथे वेगळी गाडी ठरवण्याची गरज नाही.

खाण्याचा विचार घरूनच करून निघावा, विशेषतः दोघे शाकाहारी असतील तर. बेल्जियममध्ये बटाट्याच्या फ्राइज परंपरेने गोमांसाच्या चरबीत तळल्या जातात. काही ठिकाणी वनस्पती तेल वापरतात, पण विचारल्याशिवाय घेऊ नयेत. वॉफलमध्ये अंडे असते, तर काही चॉकलेटांच्या आत मद्य भरलेले असते. लहानसे स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर पिठले-भात सहज होतो, आणि आपली कडक भाकरी व शेंगाची चटणी इथे खरोखर उपयोगी पडते, कारण दोन्ही बरेच दिवस टिकतात. तूप, पेढे, खवा असे दुधाचे पदार्थ मात्र घेऊ नयेत. युरोपीय संघाच्या बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यास मनाई आहे.

पोहोचल्यावर दिवसाची मांडणी गर्दीच्या वेळा टाळून करावी. सकाळी नऊच्या आधी रोझनहुडकाई हा कालव्याचा वळणावरचा घाट जवळजवळ मोकळा असतो. तेथून सुटणाऱ्या पहिल्याच नौकांपैकी एक पकडावी. फेरी अर्ध्या तासाची असते आणि पुलांखालून जाताना घरांच्या मागच्या बाजू, बागा व पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात, ज्या रस्त्यावरून कधीच दिसत नाहीत. दुपारी गर्दी वाढली की संग्रहालयात शिरावे किंवा खोलीवर येऊन सरळ झोपावे. सुट्टीत दुपारची झोप वाया गेलेला वेळ मानू नये. सेंट जॉन या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत हान्स मेमलिंगची चित्रे आहेत, आणि समोरच्या अवर लेडी चर्चमध्ये मायकेलअँजेलोची संगमरवरी मेरी व बालयेशू. काही संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे आधी पाहून घ्यावे. चौकातील ८३ मीटर उंच घंटाघराला ३६६ पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर चढण्याचा हट्ट करू नये, वरच्या ४७ घंटांचा नाद खालच्या बाकावरही तितकाच छान ऐकू येतो.

आम्हा सोलापूरकरांना या गावाचा इतिहास अधिक जवळचा वाटावा. ब्रुज मध्ययुगात लोकरी कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झाले. पुढे समुद्राकडे जाणारा झ्विन हा जलमार्ग गाळाने भरत गेला, व्यापार अँटवर्पकडे वळला आणि गाव गरीब झाले. नवे बांधायला पैसा नसल्यामुळे जुनी घरे टिकली, आणि २००० साली युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गिरण्या बंद झालेल्या गावातून आलेल्या माणसाने हे गाव चालत, सावकाश पाहावे.

संध्याकाळ बेगेनहोफसाठी राखावी, मात्र दरवाजा बंद होण्याच्या वेळेआधी पोहोचावे. १२४५ साली स्थापन झालेल्या या वसाहतीत धार्मिक वृत्तीच्या स्त्रिया स्वतंत्रपणे राहत असत. आजही आत पांढरी घरे, उंच झाडे आणि शांततेची विनंती करणारे फलक आहेत. तेथून दोन मिनिटांवर मिनेवाटर हे राजहंसांचे तळे आहे. एक पूर्ण दिवस डॅम (Damme) या जवळच्या लहान गावासाठी द्यावा. सायकली भाड्याने घेऊन, उंच झाडांच्या रांगेतून कालव्याच्या काठाने सहा-सात किलोमीटर जायचे आहे आणि रस्ता पूर्ण सपाट आहे, त्यामुळे साठीतील जोडप्यालाही तो झेपतो.

परतीचे विमान संध्याकाळचे घ्यावे, म्हणजे शेवटची सकाळ घाईत जात नाही. मुंबईत उतरल्यावर सोलापूरच्या रात्रीच्या रेल्वेचे आरक्षण त्याच दिवसाचे न करता दुसऱ्या दिवसाचे करावे; विमानाला उशीर झाला तरी तिकीट वाया जाणार नाही.