पाठ कुठे आहे?

चित्रांवरून मातीच्या शिल्पाकडे वळले, त्याच्या दुसऱ्याच रविवारी सरांनी माझ्या आकृतीचा पाट अर्धा फिरवला आणि विचारलं, "बेन, आनी पीठ क्यां छे?" बडोद्यात जन्म गेला तरी मराठी कानाला पीठ म्हटलं की आधी डबाच आठवतो. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग दळून आणायचं ना!" पण सर पाठीबद्दल विचारत होते, आणि पाठ खरोखरच नव्हती. पुढून बऱ्यापैकी माणूस, मागून थापलेली भाकरी.

मी शाळेत चित्रकला शिकवते. दांडिया बाजारातून दर रविवारी फतेगंजला जाते. तिथे एका गच्चीवरच्या खोलीत आम्ही सात-आठ जण वर्गणी काढून मॉडेल बोलावतो. तीन वर्षं लाइफ ड्रॉइंग, म्हणजे समोरच्या मॉडेलवरून चित्रं, केल्यावर मला वाटायला लागलं होतं की मॉडेलकाकांचं शरीर मला पाठ आहे. त्या रविवारी रात्री चित्रांचा गठ्ठा उपसला. जवळजवळ सगळी चित्रं एकाच कोनातून! खिडकीपाशी माझं स्टूल ठरलेलं, उजेड डावीकडून येणारा, आणि तीन वर्षांत मी ते स्टूल एकदाही हलवलं नव्हतं. ड्रॉइंगवरून शिल्पाकडे वळायचं असेल तर पहिलं काम हेच: स्टूल हलवा. पैसे लागत नाहीत.

दुसरी चूक जास्त खोलवरची, आणि ती बहुतेक सगळ्यांच्या हातून होते. मी मातीवर चित्र काढत होते. गळ्याची हाडं म्हणून दोन खाचा, बरगड्या म्हणून सहा खाचा, डोळे टोकदार काडीने कोरलेले. कोळशाच्या सवयीने हात रेघ शोधतो, पण शरीरावर रेघ नसतेच. जिथे एक पृष्ठभाग संपून दुसरा वळतो, ती जागा कागदावर रेघ होऊन दिसते, एवढंच. मातीत ते दोन पृष्ठभाग नीट बसले की रेघ आपोआप उमटते, आणि सावलीही काढावी लागत नाही, ती पडते. कागदावर अवघड हात थोडा काळोखात ढकलला की खपून जातो. माती असलं काही चालवून घेत नाही.

आता ड्रॉइंग कुठलं करायचं ते सांगते, कारण नुसतं 'भरपूर स्केचिंग करा' या सल्ल्याने माझं काही भलं झालं नव्हतं. एकाच पोझची आठ बाजूंनी आठ चित्रं, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांची. चेहरा नको, बोटं नकोत. त्यानंतर बांगड्या. हा आमच्या गटातला शब्द आहे: हात, मांडी, धड यांच्यावर आडव्या गोल रेघा काढायच्या, जणू बांगड्या चढवल्यात. अवयव तुमच्याकडे येतोय की दूर जातोय हे बांगडीचा बाक सांगतो. मनगटाची बांगडी खाली वाकलीय की वर, हे ठरवता आलं नाही, तर समजा की तो हात तुम्ही पाहिलेलाच नाही. महिनाभर मी फक्त बांगड्या काढल्या. गटातल्या एकाला ते फार कंटाळवाणं वाटलं, तो थेट मातीत उतरला आणि दीड महिन्याने बांगड्यांकडे परत आला.

मग मापातली दोन चित्रं. आकृती जेवढी करायची तेवढीच, एक समोरून आणि एक बाजूने. पहिली आकृती १५ इंचांची धरा. माणूस साधारण साडेसात डोक्यांचा, म्हणजे डोकं बरोब्बर २ इंच, हिशोब सोपा. हे कागद टेबलावर चिकटवायचे आणि तार त्यांच्यावर ठेवून वाकवायची. चित्राचं शिल्प व्हायला सुरुवात होते ती या टेबलावर. तीन-चार मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार दुहेरी करून पिळून घ्या, खांदे-कोपर-गुडघे यांच्या खुणा चित्रावरून तारेवर उतरवा, आणि तार अवयवाच्या मधोमध चालली पाहिजे याकडे लक्ष ठेवा. ती कडेला गेली तर नेमकी कोपरातून बाहेर डोकावते, आणि तोवर हात छान झालेला असतो.

बाजूचं चित्र मी आधी केलंच नव्हतं. भाकरीचं मूळ तिथे होतं. समोरून पाहिलेला कणा सरळ असतो. बाजूने पाहिला तर मान पुढे झुकते, पाठ मागे फुगते, कंबर पुन्हा आत जाते. पायाचंही तसंच: मांडी पुढे बाक घेते, पोटरी मागे. समोरच्या चित्रावर वाकवलेली तार उचलून बाजूच्या चित्रावर आडवी धरली, तेव्हा ती फुटपट्टीसारखी सपाट दिसली. पक्कड घेऊन अर्धा तास ती वाकवली. त्या अर्ध्या तासात पाठ निम्मी झाली होती, मातीचा कणही न लावता.

तारेवर माती टिकावी म्हणून बायंडिंग वायर, म्हणजे बारीक मऊ तार, गुंडाळायची. आणि कमरेच्या मागून एक जाड लोखंडी सळई पाटाला पक्की करून आधाराला द्यायची. मी दिली नाही, दिसायला वाईट दिसते म्हणून. चौथ्या दिवशी सकाळी आकृती गुडघ्यावर आली होती, घोट्याजवळची तार वाकून. वर आईच्या जुन्या सुती साडीचा ओला तुकडा, त्याखाली नमस्कार घातलेला माणूस. आई म्हणाली, "बरा दिसतोय की असाच."

वजन ही गोष्ट ओळंब्याशिवाय कळत नाही. गवंड्याचा असतो तोच. माझा म्हणजे दोऱ्याला बांधलेला एक नट. मॉडेल एका पायावर भार देऊन उभं असेल, तर समोरून पाहताना गळ्याच्या खळगीपासून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. त्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं, आणि सहसा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. हे चित्रातही असतं, पण चित्रातला माणूस चार अंश कलला तरी पडत नाही. मातीतला पडतो, आणि तारेने धरून ठेवला तरी पडणारच असा दिसतो.

हे पुस्तकात वाचण्यापेक्षा कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये जाऊन पाहा. अकोट्याला, म्हणजे आपल्या बडोद्यातल्याच अकोट्याला, सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती तिथे आहेत. त्यातली चामरधारिणी, म्हणजे चवरी धरलेली बाई, जरूर पाहा: एका बाजूला काढलेली कंबर, उलट दिशेने तोल सांभाळणारं धड. लहानशी मूर्ती, पण वजन कुठे आहे ते क्षणात कळतं. येताना काळ्या घोड्याभोवती, म्हणजे सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती, एक पूर्ण फेरी मारा आणि प्रत्येक पाव फेरीला एक चित्र काढा. रविवारी सकाळी सातला रहदारी कमी असते.

मॉडेलबद्दल थोडं. ड्रॉइंगच्या वर्गात मॉडेल स्थिर असतं, आपण एका जागी. शिल्पाच्या वर्गात दर वीस मिनिटांनी विश्रांती, आणि परत उभं राहताना पाव फेरी. म्हणून पावलांभोवती चिकटपट्टीच्या खुणा करायच्याच. मॉडेलकाका थकले की त्यांची कंबर हळूहळू खाली येते. पहिल्या वीस मिनिटांत पुढची बाजू आणि शेवटच्या वीस मिनिटांत पाठ केली, तर दोन वेगळी माणसं एकाच मातीत येतात. मी सुरुवातीची आठ चित्रं भिंतीवर लावून ठेवते आणि शंका आली की काकांऐवजी त्यांच्याकडे बघते. फोटो मात्र काढायचा नाही. काकांनी पहिल्याच दिवशी नको म्हटलंय, विषय संपला.

सामानाचा खर्च फारसा नाही. शाडू गुजरातचीच, सहज मिळते. १५ इंचांच्या आकृतीला दोन किलो पुरते. मी दहा किलो आणली आणि उरलेली गणपतीत शेजारच्या मुलांनी संपवली. लोखंड-तारेवरची माती भाजायची नसते. वाळताना माती आकसते, तार आकसत नाही, आणि आकृती तडकते. ती ओली असतानाच प्लॅस्टरचा साचा काढतात. भाजायचीच असेल तर बिनतारेची, आतून पोकळ करावी लागते. तो वेगळा विषय, आणि मी त्यात कच्ची आहे.

प्लॅस्टरचं एक सांगते. उरलेलं प्लॅस्टर मोरीत ओतू नका. मी ओतलं. ते पाण्यातही घट्ट होतं, हे मला माहीत होतं, तरी ओतलं. प्लंबर दोनदा आला.

याच शहरात १९५० मध्ये सयाजीराव विद्यापीठाचं फाइन आर्ट्स सुरू झालं, शंखो चौधुरींनी तिथला शिल्पकला विभाग उभा केला, चित्रकला विभागात इंदूरचे आपले चित्रकार ना. श्री. बेंद्रे होते. तिथे शिकायला मिळालं तर सोनंच. मला मिळालं नाही, नोकरी होती. रविवार मिळाले. पदवीसाठी प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते की रोज संध्याकाळी मूठभर शाडू घेऊन घरातल्या कुणाची तरी बसलेली आकृती वीस मिनिटांत करा आणि मोडून टाका. माझी सहावी आकृती सध्या चालू आहे: आई, मोड्यावर बसून शेंगा सोलताना. सुरुवात पाठीपासून केलीय. ती म्हणते, तोंड कधी करणार? सरांनी अजून पाट फिरवलेला नाही.