समुद्र डाव्या हाताला ठेवा: दिशा आणि अंतराच्या प्रश्नांची तयारी

पोलीस भरतीसाठी सकाळी गुहागरच्या वाळूत धावणारी पोरं-पोरी रविवारी माझ्याकडे बुद्धिमत्ता चाचणीच्या सरावाला बसतात. दिशेचं गणित आलं की त्यांची एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते, आणि ती किनाऱ्यावर वाढल्यामुळे होते. आपल्याकडे दिशा सांगायची तर माणूस आधी दर्याकडे तोंड करतो. पश्चिम समोर येते, आणि कागदावरही नकळत पश्चिमच वर जाते. म्हणून तयारीतलं पहिलं काम म्हणजे अंगणात उत्तरेकडे तोंड करून बसणं. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला सह्याद्री, समोर मुंबई, पाठीशी गोवा. आता तुम्ही आणि कागद एकाच दिशेला लागलात. आठवडाभर सगळी उदाहरणं याच बैठकीत सोडवा. पण पाणी दिसलं की पश्चिम, असं धरू नका. दाभोळच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर वाशिष्ठीची खाडी दक्षिणेला आहे, पलीकडे धोपावे. खाडीकाठच्यांनी सूर्य बघूनच दिशा ठरवावी.

मग उपदिशा. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य, हा क्रम तोंडपाठ हवा. आपला पाऊस नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा, आणि वाऱ्याला नाव मिळतं ते तो जिथून येतो त्या दिशेचं. म्हणजे हा वारा ईशान्येकडे वाहतो. एवढं पक्कं झालं तर दोन उपदिशा कायमच्या लक्षात राहतील.

जवळ ठेवायला कोरे कागद आणि एक शिसपेन्सिल पुरे. पेन्सिल लिहायला आहेच, पण त्याहून जास्त ती वळायला आहे. गेल्या महिन्यात एकीला उदाहरण दिलं होतं: एक बाई घरातून 6 किमी दक्षिणेला गेली, डावीकडे वळून 8 किमी चालली, तर ती घरापासून किती दूर आणि कोणत्या दिशेला? तिनं रेघ खाली ओढली आणि पुढची रेघ कागदाच्या डावीकडे नेली. मी म्हटलं, पेन्सिल त्या रेघेवर आडवी ठेव, टोक खाली. आता टोक जिकडे बघतंय तिकडे तू बघ, मग तुझा डावा हात कुठे? ती मान वाकडी करून थोडा वेळ बघत राहिली, आणि रेघ खोडून उजवीकडे ओढली. दक्षिणेकडे तोंड असलेल्याचा डावा हात पूर्वेला. बाई घराच्या आग्नेयेला, 10 किमीवर.

चाल 14 किमी झाली, पण विचारलं आहे ते सरळ अंतर, म्हणजे काटकोन त्रिकोणाची तिरकी बाजू, म्हणून 6 आणि 8 वरून 10. 3-4-5, 5-12-13, 8-15-17, 7-24-25 ही त्रिकुटं आणि त्यांच्या पटी पाठ करा, वर्गमुळात वेळ जाणार नाही.

याच उदाहरणाचं शेपूट मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘बाई घराच्या कोणत्या दिशेला’ विचारलं तर आग्नेय, ‘घर बाईच्या कोणत्या दिशेला’ विचारलं तर वायव्य. पर्यायांत दोन्ही बहुधा असतातच. ज्या शब्दाला ‘च्या’ लागलाय तिथे उभं राहायचं आणि तिथून बघायचं. सरावात प्रत्येक प्रश्नातल्या त्या ‘च्या’ला गोल करा. आकृती अचूक काढून उलटं उत्तर लिहिणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि तो एक गुण गेल्याचं मला खरंच वाईट वाटतं.

समोरासमोरच्या प्रश्नांसाठी गणपतीपुळं आठवा. तिथला गणपती पश्चिमाभिमुख, दर्याकडे बघणारा. त्याचा उजवा हात उत्तरेला, आणि त्याच्यापुढे हात जोडून उभ्या असलेल्या तुमचा उजवा हात दक्षिणेला. सावलीचे प्रश्न धावतानाच पाठ होतात. सकाळी सावली दर्याकडे पडते, संध्याकाळी माडांकडे. सकाळी उत्तरेकडे धावताय तर ती डाव्या बाजूला धावेल. खरा सूर्य जूनमध्ये पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो, डिसेंबरात दक्षिणेला सरकतो, पण परीक्षेत पश्चिम म्हणजे पश्चिमच.

अंशांत वळायला सांगितलं तर उत्तर शून्य धरून घड्याळाच्या दिशेनं मोजा. समजा पश्चिमेकडे तोंड आहे आणि उजवीकडे 135 अंश वळायचंय. पश्चिम 270, त्यात 135 मिळवले की 405, त्यातून 360 गेले, उरले 45, म्हणजे ईशान्य. डावीकडचं वळण वजा करा.

लेखी परीक्षेला 100 प्रश्न आणि 90 मिनिटं, एका प्रश्नाला 54 सेकंद. केंद्रावर बाक कुठेही तोंड करून असेल, तिथली खरी उत्तर दिशा शोधत बसू नका. कच्च्या कामाच्या पानावर आधी वर जाणारा बाण काढा, त्यावर ‘उ’ लिहा आणि डाव्या कडेला एक लाट काढा. माझ्याकडच्या मुली प्रत्येक पानावर ती लाट काढतात.