वनस्पतींचे अर्क आणि अँटिऑक्सिडंट: या चुका टाळा

पुण्यातल्या फार्मसी महाविद्यालयांत प्रकल्पांचे दिवस आले की एक तक्रार दरवर्षी ऐकू येते: मागच्या वर्षीच्या मुलांनी याच वनस्पतीच्या अर्काच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचे, म्हणजे ऑक्सिडेशन रोखण्याच्या ताकदीचे, जे आकडे काढले, ते आम्हाला काही केल्या मिळत नाहीत. दोष स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते हे मोजणाऱ्या यंत्रावर, ढकलला जातो. माझ्या पाहण्यात मात्र चूक बहुतेक वेळा यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच होऊन गेलेली असते.

पहिली चूक नावाची. पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात ‘ब्राह्मी’ मागितली, तर हातात सेंटेला एशियाटिका पडेल की बकोपा मोनिएरी, याची खात्री देता येत नाही, कारण एकाच नावाने दोन्ही विकल्या जातात. सौंदर्यप्रसाधनांत गाजलेली वनस्पती सेंटेला, म्हणजे मंडूकपर्णी. तिच्यातली एशियाटिकोसाइड आणि मॅडेकॅसोसाइड ही द्रव्ये बकोपात शोधून मिळणार नाहीत. म्हणून चूर्ण न घेता अख्खी, शक्यतो फुलांसह वनस्पती घ्यावी आणि कोरेगाव पार्क भागातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रातून किंवा आघारकर संशोधन संस्थेतून तिची ओळख पटवून घ्यावी. चूर्ण झालेल्या पाल्याची ओळख पटवणे तज्ज्ञालाही जड जाते.

दुसरी चूक वाळवण्यातली. पाला तोडून ढीग करून ठेवला की पेशी फुटतात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने फिनॉलिक द्रव्ये (अर्काचा अँटिऑक्सिडंट गुण मुख्यतः ज्यांच्यामुळे येतो ती) खाऊ लागते आणि पाने तपकिरी पडतात. कडक उन्हात वाळवले तर रंगद्रव्ये आणि क जीवनसत्त्व जाते, तर पुण्याच्या श्रावणात गच्चीवर पसरलेला पाला सुकण्याऐवजी बुरसतो. पातळ थर देऊन सावलीत किंवा सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवणे हाच मध्यम मार्ग. शेवग्याच्या ताज्या पाल्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. एकाने ताज्या वजनावर आणि दुसऱ्याने कोरड्या वजनावर हिशेब मांडला, तर दोघांच्या आकड्यांत चारपट फरक पडतो आणि भांडण उगाच यंत्राशी होते.

अर्क ज्यात काढायचा त्या द्रावकाबद्दल थोडक्यात. निव्वळ अल्कोहोलपेक्षा ५० ते ७० टक्के इथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण बहुतेक फिनॉलिक द्रव्यांना अधिक मानवते. मिथेनॉल चाचणीपुरते ठीक असले, तरी त्वचेवर लावायच्या अर्कासाठी त्याचा विचारही करू नये.

चाचणीतल्या चुका अधिक फसव्या असतात. डीपीपीएच हे जांभळे रसायन अँटिऑक्सिडंटमुळे फिके पडते. त्याच्या चाचणीत द्रावणाचा रंग किती फिका पडला, हे ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. आता कोकमाचा अर्क घ्या. त्यातली अँथोसायनिन ही लाल रंगद्रव्ये नेमकी याच पट्ट्यात प्रकाश शोषतात. डीपीपीएच न घातलेल्या अर्काचे रीडिंग वजा केले नाही, तर शिल्लक रंग जास्त दिसतो आणि चांगला अर्क निकामी ठरतो. याउलट एकूण फिनॉल मोजण्यासाठी वापरला जाणारा फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक उदार आहे. ७६५ नॅनोमीटरला मोजला जाणारा त्याचा निळा रंग फिनॉलपुरता राखीव नसून क जीवनसत्त्व आणि काही शर्कराही तो देतात. त्यामुळे आवळ्याचे ‘एकूण फिनॉल’ फुगलेले निघाले तर हुरळून जाऊ नये. आयसी-५० म्हणजे डीपीपीएचचा निम्मा रंग घालवायला लागणारी अर्काची तीव्रता. हा आकडा जितका लहान तितका अर्क प्रभावी, हे पाठ असूनही निष्कर्ष लिहिताना उलटे लिहिणारे मी अनेक पाहिले आहेत. हा आकडा डीपीपीएचच्या तीव्रतेवर आणि अंधारात ठेवलेल्या वेळेवर बदलतो, म्हणून त्याच दिवशी, त्याच द्रावणात अॅस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) किंवा ट्रोलॉक्स हे प्रमाण अँटिऑक्सिडंट लावून तुलना करावी. आणि हे सगळे परीक्षानळीतले आहे. अर्क त्वचेच्या बाह्य थरातून आत शिरतो का, हा प्रश्न या चाचणीने सुटत नाही.

शेवटी, अर्क क्रीममध्ये घालताना होणाऱ्या चुका. डाळिंबाच्या सालीचा अर्क घातलेले क्रीम निळसर काळे पडले, तर आधी लोहाचा संशय घ्यावा. टॅनिन आणि लोह एकत्र आले की शाई तयार होते, जुन्या काळी ती अशीच करत. बोअरवेलचे पाणी किंवा गंजलेला चमचा एवढे कारण त्याला पुरते. उर्ध्वपातित पाणी वापरावे, धातू बांधून ठेवण्यासाठी सुमारे ०.१ टक्का ईडीटीए हे रसायन घालावे. ग्रीन टीचा अर्क तपकिरी होत असेल, तर सामू (पीएच) तपासावा. त्यातली कॅटेचिन ही फिनॉलिक द्रव्ये आम्लधर्मी माध्यमात टिकतात, अल्कधर्मी माध्यमात भराभर ऑक्सिडाइज होतात. अर्क उकळत्या मिश्रणात न ओतता ते ४० अंशांच्या खाली आल्यावर घालावा.

‘अर्क अँटिऑक्सिडंट आहे, मग परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) कशाला’ हा युक्तिवाद मात्र मुळीच ऐकू नये. ऑक्सिडेशन रोखणे वेगळे आणि जंतू रोखणे वेगळे. उलट वनस्पतीच्या अर्कातली शर्करा आणि प्रथिने बुरशीला आयते जेवण वाढतात. पाणी असलेल्या क्रीममध्ये योग्य परिरक्षक नसेल, तर पावसाळ्यात डबीच्या झाकणाखाली हिरवट लव धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि अशी डबी वरचा थर काढून वापरण्यासारखी उरत नाही.