अर्ली डिसिजनने अर्ज करायचा की नाही, हे कसं ठरवाल?

अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांच्या घरात सप्टेंबर उजाडला की एकच चर्चा सुरू होते: अर्ली डिसिजन करायचं का? काउन्सेलर म्हणतात करा, चान्स वाढतो. वर्गातल्या दोघातिघांनी कॉलेज पक्कंही केलेलं असतं. आपण नेमकी कशावर सही करतोय, हे मात्र आईबाबांना कोणी नीट समजावून सांगितलेलं नसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. हा निर्णय पहिल्यांदा पैशाचा, मग आवडीचा आणि सगळ्यात शेवटी प्रवेश मिळण्याच्या टक्केवारीचा आहे. बहुतेक घरांत तो बरोबर उलट्या क्रमाने घेतला जातो.

आधी करार काय आहे ते समजून घ्या

अर्ली डिसिजन म्हणजे एका कॉलेजला दिलेला शब्द. साधारण 1 किंवा 15 नोव्हेंबरपर्यंत अर्ज करायचा, डिसेंबरच्या मध्याला निकाल लागतो, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या वेबसाइटवर, यासाठी वेगळा करार असतो आणि त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेन्सिल्व्हेनिया, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, राइस ही या पद्धतीची नावाजलेली ठिकाणं.

याच्या शेजारीच अर्ली ॲक्शन नावाचा प्रकार आहे आणि दोन्हींची सतत गल्लत होते. एमआयटीची अर्ली ॲक्शन बंधनकारक नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड इथे लवकर अर्ज केला तर इतर खासगी विद्यापीठांत त्याच वेळी लवकर अर्ज करण्यावर मर्यादा येतात, पण प्रवेश मिळाल्यावर जायलाच हवं असं नाही. बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कुटुंबात तर ही लवकरची भानगडच नाही. तुमच्या मनातलं कॉलेज यांपैकी असेल, तर प्रश्न इथेच मिटला.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप फ्रीज होते. अर्ली डिसिजनही तसंच आहे, पण एक मोठा फरक आहे. कॅपचा पर्याय भरताना त्या कॉलेजची फी तुम्हाला माहीत असते. इथे सही आधी होते, आणि तुमच्या वाट्याला प्रत्यक्ष किती खर्च येणार तो आकडा नंतर कळतो. म्हणून सुरुवात पैशापासून.

पहिली पायरी: मुलाला शेजारी बसवून हिशोब मांडा

मोठ्या खासगी विद्यापीठांत फी, राहणं, जेवण, विमा धरून वर्षाचा खर्च आज 90 हजार डॉलरच्या आसपास जातो. डॉलर 88 रुपये धरला तर चार वर्षांचे तीन कोटींहून अधिक होतात. फी दरवर्षी वाढते ती वेगळी. रुपयाही स्थिर राहत नाही: 2021 साली डॉलर 74 रुपयांच्या आसपास होता, 2025 मध्ये तो 85 च्या पुढे गेला.

आता एक आकडा कागदावर लिहा. राहता फ्लॅट न विकता, निवृत्तीच्या पैशाला हात न लावता, धाकट्या भावंडाचं शिक्षण न अडवता वर्षाला किती देता येतील? समजा 30 लाख, म्हणजे सुमारे 34 हजार डॉलर. 90 हजारांतून ते वजा केले की 56 हजार डॉलर उरले. एवढी मदत दर वर्षी, चार वर्षं, कॉलेजकडून मिळाली पाहिजे. हा आकडा मुलापासून लपवू नका. सतरा वर्षांच्या मुलाला तो समजतो, आणि डिसेंबरात कळण्यापेक्षा सप्टेंबरात कळलेला बरा.

मुलगा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर काम सोपं आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार 2011 पासून कॉलेजांना आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. त्यात घरचं उत्पन्न आणि बचत भरा, अंदाज मिळेल. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी मात्र त्यावर विसंबू नये, कारण तो बहुतेक ठिकाणी अमेरिकन कुटुंबांसाठी बेतलेला असतो. हीच गोष्ट एच-4 व्हिसावरच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या पालकांच्या, मुलांची. पुण्या-नाशिकहून न्यू जर्सीला गेलेल्या कुटुंबातलं मूल तिथे पहिलीपासून शिकलेलं असलं, तरी त्याला सरकारी मदतीचा फाफ्साचा अर्ज चालत नाही, आणि बरीच खासगी कॉलेजं त्याला परदेशी विद्यार्थ्यांत धरतात. अशा पालकांनी कॉलेजला ईमेल करून आपली गणना कशात होईल हे लेखी विचारावं.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी तपासा. पहिली, मदत मागितल्याने प्रवेशाची शक्यता कमी होते का? एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राऊन ही मोजकी नावं परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात. कॉर्नेल, कोलंबिया, ड्यूकसारखी बाकीची बहुतेक ठिकाणं परदेशी मुलांच्या बाबतीत ऐपत विचारात घेतात. दुसरी गोष्ट कॉमन डेटा सेट, म्हणजे कॉलेजच्या प्रवेशाच्या आणि मदतीच्या आकड्यांचा तक्ता. हा बहुतेक कॉलेजं दरवर्षी प्रसिद्ध करतात आणि शोधला की पीडीएफ सापडते. त्यात एच-6 हा भाग काढा. परदेशी पदवी-विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे तिथे असतं. तुमची गरज 56 हजारांची आणि तिथली सरासरी 25 हजारांची, तर त्या कॉलेजला शब्द देऊ नका. सरासरी भरघोस आहे पण मदत मिळालेली मुलं मोजकीच आहेत, तरीही जपून.

‘तुम्हाला मदत हवी आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून आधी प्रवेश मिळवायचा आणि मग मागायची, असा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने सुरुवातीला मदत मागितली नसेल तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही.

करारात पालकांच्या बाजूचं एक वाक्य आहे, ते सहसा कोणी वाचत नाही. मदतीसाठी अर्ज केला असेल, तर मदतीचा आकडा हातात येईपर्यंत इतर अर्ज मागे घ्यायची गरज नाही. आणि मिळालेली मदत खरोखरच अपुरी असेल तर कॉलेज करारातून मोकळं करतं. पण त्यासाठी सीएसएस प्रोफाइल (मदतीसाठी घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा अर्ज) आणि उत्पन्नाची कागदपत्रं मुदतीत गेलेली असायला हवीत. ‘आता विचार बदलला’ हे कारण मात्र चालत नाही. 2025 मध्ये टुलेन विद्यापीठाने एका विद्यार्थ्याने शब्द मोडल्यावर कोलोरॅडोतल्या त्याच्या शाळेला वर्षभर अर्ली डिसिजनमधून बाहेर ठेवलं. तुमच्या सहीची किंमत पुढच्या बॅचची मुलं मोजू शकतात.

गुणवत्तेच्या स्कॉलरशिपवर भिस्त असेल, चार ठिकाणच्या ऑफर एप्रिलमध्ये शेजारी ठेवून पाहायच्या असतील, तर अर्ली डिसिजन तुमच्यासाठी नाही. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येल, ब्राऊन यांसारख्या आठ जुन्या विद्यापीठांत, अशा स्कॉलरशिप दिल्याच जात नाहीत.

दुसरी पायरी: आवड खरी आहे का ते पाहा

रँकिंग विसरून जा. त्या कॉलेजचा कोर्स कॅटलॉग उघडा आणि मुलाला पहिल्या सेमिस्टरचे चार विषय निवडून आठवड्याचं वेळापत्रक मांडायला सांगा. तासाभरात खूप काही उलगडतं. ब्राऊनमध्ये मुख्य विषयाबाहेर सक्तीचे विषय जवळपास नाहीत. कोलंबिया कॉलेजात मात्र सगळ्यांना कोअर नावाचा ठरावीक विषयांचा संच करावाच लागतो, त्यात अभिजात साहित्य आणि तत्त्वज्ञान येतं. ज्याला फक्त कॉम्प्युटर सायन्स हवंय त्याला ही दोन आयुष्यं फार वेगळी आहेत. कॉर्नेलमध्ये अर्जच विद्यापीठातल्या एका विशिष्ट कॉलेजसाठी करायचा असतो आणि आत गेल्यावर इंजिनिअरिंगमध्ये बदली आपोआप मिळत नाही. शिवाय कॉर्नेलच्या गावाचा, इथाकाचा, लांबलचक बर्फाळ हिवाळा. वेळापत्रक मांडताना मूल रमलं, तर पसंती खरी. दोन कॉलेजांत मन सारखंच अडकलं असेल, तर एकालाही शब्द देऊ नका.

तिसरी पायरी: फाइल नोव्हेंबरात तयार असेल का?

लवकर अर्ज म्हणजे नववी ते अकरावीचे मार्क आणि शाळेने दिलेले अपेक्षित मार्क यांवरच निकाल. अकरावी कशीबशी गेली आणि बारावीत मुलाने जोर धरलाय, तर सहामाहीचे मार्क दाखवता यावेत म्हणून जानेवारीतल्या नेहमीच्या फेरीपर्यंत थांबणं शहाणपणाचं. एसएटी या प्रवेशपरीक्षेचा ऑक्टोबरचा निकाल बहुतेक ठिकाणी चालतो, तरी त्या कॉलेजच्या पानावर खात्री करा. घाईत लिहिलेला निबंध कुठल्याच फेरीत तरत नाही.

चौथी पायरी: आता टक्केवारी

2024 च्या शरद ऋतूत दाखल झालेल्या बॅचसाठी ब्राऊनने अर्ली डिसिजनच्या सुमारे 14 टक्के अर्जदारांना घेतलं. एकूण अर्जदारांमध्ये हेच प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे चान्स तिप्पट? नाही. लवकरच्या गठ्ठ्यात खेळासाठी आधीच निवडलेले खेळाडू आणि चांगली तयारी असलेली मुलं जास्त असतात. थोडा फायदा उरतो हे खरं, कारण निवडलेला विद्यार्थी नक्की येणार याची कॉलेजला किंमत असते आणि काही विद्यापीठं निम्म्याच्या आसपास जागा याच फेरीत भरतात. तुमच्या कॉलेजचे आकडे कॉमन डेटा सेटच्या सी-21 भागात मिळतील. मात्र ते पाहून कॉलेज निवडू नका. कच्च्या अर्जाला ही फेरी तारत नाही. काठावरच्या, चांगल्या अर्जाला मदत करू शकते.

ठरलं तर पुढे

अर्ज पाठवला म्हणून हात बांधून बसू नका. डिसेंबरच्या मध्याला नकार आला तर नेहमीच्या फेरीच्या 1 जानेवारीच्या मुदतीला जेमतेम दोन आठवडे उरतात, त्यामुळे बाकीच्या कॉलेजांचे निबंध नोव्हेंबरातच लिहून ठेवा. जेईईचं जानेवारीचं सत्रही लगेच असतं. ती परीक्षा देणाऱ्यांनी अभ्यास सोडू नये.

निकाल तीन प्रकारचे असतात. नकार आला तर त्या वर्षी तिथे पुन्हा अर्ज करता येत नाही. अर्ज पुढच्या फेरीत ढकलला, म्हणजे डिफर झाला, तर बंधन संपतं. मग हवं तर व्हँडरबिल्ट, टफ्ट्स, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी अशा ठिकाणी जानेवारीतली अर्ली डिसिजनची दुसरी फेरी खुली असते. पण तिथेही हिशोब पुन्हा पहिल्या पायरीपासून करा, हिरमुसलेल्या मनाने सही करू नका.

आणि प्रवेश मिळाला, मदतीचा आकडा जमला, तर त्याच आठवड्यात बाकीचे अर्ज मागे घ्या आणि काउन्सेलरला कळवा. त्या जागांसाठी दुसरी मुलं वाट पाहत असतात.