तिसरी ते दहावी, एकच शिबिर: उन्हाळी वर्गावर पहिल्यांदा शिकवायला जाताना

वार्षिक परीक्षा आटोपल्या की गणित-विज्ञानाच्या उन्हाळी शिबिरांना 'दादा' आणि 'ताई' हवे असतात. ते बहुधा बीएस्सी, एमएस्सी नाहीतर बी.एड. करणारे असतात. विषय येत असतो, शिकवण्याचा हात बसलेला नसतो. वेळापत्रक ठरलेलं: सकाळी साडेसात ते अकरा, गट तीन. तिसरी-चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी. नवखा माणूस एक पाठ तयार करतो आणि तोच लहानांना सोपा करून, मोठ्यांना अवघड करून सांगतो. दुसऱ्या दिवशी लहान मुलं बाकाखाली आणि मोठी मोबाइलमध्ये.

विषय तोच ठेवायला काहीच हरकत नाही, उलट ठेवावाच. पण मूल अडतं कुठे, ती जागा प्रत्येक वयात वेगळी असते. ती जागा आधी ठाऊक असली, की पाठ आपोआप वेगळा होतो. दोन उदाहरणं घेऊ. दोन्हींना खर्च जवळपास नाही.

पहिलं कापरेकरांचं. देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी 1949 मध्ये 6174 या संख्येचा गुण दाखवला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते आणि मग तीच येत राहते. तीन अंकी संख्यांना हेच 495 वर थांबतं, जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत.

तिसरी-चौथीला तीन अंकीच द्या. 352 घेतली तर 532 − 235 = 297, मग 693, 594, 495. मुलांना ही जादू वाटते. तुमच्या दृष्टीने ती हातच्याच्या वजाबाकीची तालीम आहे, कारण अशा मांडणीत एककात आणि दशकात दोन्हीकडे हातचा घ्यावाच लागतो, सुटका नाही. या वयाची चूक ठरलेली: वरचा अंक लहान असला की मूल उलटं वजा करतं, पाचातून दोन गेले तीन. मग 532 − 235 चं उत्तर 303 येतं. पुढे 330 − 033 लाही ते 303 च काढतं आणि 'माझी संख्या थांबली!' म्हणून ओरडतं. त्याची पद्धत त्याच्यापुरती अगदी सुसंगत असते, म्हणून 'चुकलं' म्हटलेलं त्याला पटत नाही. मधे शून्य असलेलं उत्तर दिसलं की समजा, हातचा घेतलेला नाही. अशा वेळी फळ्याकडे जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि उत्तरात 235 मिळवून बघायला सांगा. 303 आणि 235 मिळून 538 होतात, 532 नाही, हे त्याला स्वतःला दिसतं. एका बैठकीत चार-पाच वजाबाक्या पुरे. पंधरा मिनिटांपलीकडे हे काम ताणलं, तर जादू संपते आणि गृहपाठ उरतो.

पाचवी ते सातवीला वजाबाकी येते, पण घाई असते. या वयाला पहिलं यायचं असतं. चार अंकी संख्या द्या, प्रत्येक जोडीला वेगळी, आणि फळ्यावर 1 ते 7 असे रकाने आखा. ज्या जोडीला जितक्या पायऱ्या लागल्या, त्या रकान्यात तिने आपली संख्या लिहायची. 2111 एखाद्या जोडीला मुद्दाम द्या. 2111 − 1112 = 0999. मुलं पुढचं शून्य गाळून 999 लिहितात, पुढची वजाबाकी 999 − 999 करतात आणि हाती शून्य येतं. 'कापरेकर चुकले' असं कोणीतरी म्हणतंच. तेव्हा गप्प राहा. दुसरी जोडी शून्य धरून पाचव्या पायरीला 6174 वर पोचलेली असते. वाद त्यांच्यात होऊ द्या, दहा मिनिटं गेली तरी चालतील. स्थानिक किमतीबद्दल वर्षभर फळ्यावर सांगून जे बसत नाही, ते या भांडणात बसतं. जोडीतला एक वजाबाकी करील, दुसरा बेरजेने ताळा घेईल, आणि ताळा घेतल्याशिवाय फळ्यावर लिहायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगा. नाहीतर सगळा वर्ग घाईने चुका लिहीत सुटतो.

आठवी ते दहावीला 'असं का?' एवढंच विचारा, आणि तेही तीन अंकी संख्यांबद्दल. ही मुलं आधी वीस उदाहरणं करून 'झालं सिद्ध' म्हणतात. कोणी बीजगणिताकडे वळलं, तर अंकांना अ, ब, क अक्षरं देऊन संख्या 'अबक' लिहितं आणि तिचा अर्थ गुणाकार धरतं. त्यांची गाडी अडते ती इथे. 100अ + 10ब + क एवढं मांडून झालं, की वजाबाकी 99 × (अ − क) होते. मधला अंक नाहीसा होतो, आणि अ − क ची किंमत 1 ते 9 एवढीच असू शकते. म्हणजे पहिल्या पायरीनंतर शक्य संख्या नऊच: 099, 198, 297 पासून 891 पर्यंत. नऊही हाताने तपासून बघा, अर्धा तास लागतो. यावर हुशार मुलांचा हमखास आक्षेप असतो की एकेक करून तपासणं ही काय सिद्धता झाली? ती सिद्धताच आहे, पण ते सांगण्याआधी त्यांना आपसात बोलू द्या. या गटाची बैठक दीड तासाची ठेवा. चाळीस मिनिटांच्या तासिकेत ही मुलं नुकती कुठे तापलेली असतात.

दुसरं उदाहरण सावलीचं. ते मे महिन्यात करायला महाराष्ट्र आणि गोव्यासारखी जागा नाही, कारण सूर्य इथे ऐन सुट्टीत डोक्यावरून जातो. पणजीत 2-3 मे, कोल्हापुरात 6-7 मे, पुण्यात 13-14 मे, मुंबईत 15-16 मे, नागपुरात 26 मे च्या आसपास शून्य सावलीचा दिवस असतो. (पावसाळ्यात तो पुन्हा येतो, पण ढगांपुढे काही चालत नाही.) एक दिवस मागेपुढे झाला तरी बिघडत नाही. मे च्या मध्यावर सूर्य रोज पाव अंशाच्या आसपास सरकतो आणि 15 सेंटिमीटरच्या काठीच्या सावलीत त्याने एक मिलिमीटरही फरक पडत नाही. वेळ मात्र बाराची नव्हे. पुण्यात साधारण 12:31, मुंबईत 12:35, नागपुरात 12:10.

लहानांची सावली सकाळीच घ्या. आठ वाजता जोडीदाराच्या सावलीभोवती खडूने रेघ आणि दहा वाजता पुन्हा. दोन्ही वेळा पाय त्याच जागी हवेत, म्हणून सावलीच्या आधी पावलं आखून घ्या. ही पावलं राहिली की सगळा खेळ फसतो, आणि हमखास राहतात. दुसऱ्या रेघेआधी प्रत्येकाने 'सावलीचं डोकं कुठे येईल' तिथे खडा ठेवायचा. खडा ठेवल्याशिवाय मूल अंदाज करतच नाही, नुसतं 'हो, मला माहीत होतं' म्हणतं. शून्य सावली दाखवायला त्यांना पाच मिनिटांपुरतंच बाहेर आणा. स्वतःची सावली बघायला सांगू नका. खांदे पावलांपेक्षा रुंद असतात, पायाशी काळा डाग राहतोच आणि मुलं म्हणतात, 'गेली नाही.' स्टीलचा पेला ठेवलात तर तोही उपडा ठेवा. सुलटा ठेवला तर रुंद काठाची सावली बुडाभोवती पडते. पीव्हीसी पाइपचा सरळ कापलेला तुकडा सगळ्यांत उत्तम.

मधल्या गटाला मोजमाप द्या: पुठ्ठ्यावर 15 सेंटिमीटरची काठी, खाली आलेख कागद, 12 ते 1 दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला ठिपका आणि वेळ. पुण्यात 12 ला सावली जेमतेम 2 सेंटिमीटर असते, 12:15 ला 1 सेंटिमीटर. त्यामुळे थोडी चूकही मोठी दिसते. काठी एक अंशाने कलली तरी टोक अडीच मिलिमीटर सरकतं, म्हणजे वेळेत चार-पाच मिनिटांचा घोळ. काठी दोन बाजूंनी गुण्या लावून तपासा. पुठ्ठ्यावर गोटी ठेवा, ती घरंगळली तर खाली कागदाच्या घड्या सरकवा. शिवाय कंपासपेटीतल्या पट्टीचं शून्य पट्टीच्या कडेला नसतं, थोडं आत असतं. निम्मा वर्ग कडेपासून मोजतो. तिघांचा गट करा: मोजणारा, लिहिणारा, घड्याळ पाहणारा. पाच जणांच्या गटात दोघे निश्चितपणे झाडाखाली जाऊन बसतात.

याच गटाची मोठी खोड म्हणजे मोजमापं जुळवून घेणं. 'आज शून्य सावली' असं आधी सांगितलंत, की 12:30 च्या समोर सगळे 0 लिहून मोकळे. म्हणून दिवसाचं नाव आणि वेळ दोन्ही सांगू नका. 'सावली सर्वांत लहान कधी होते, ते शोधा' एवढंच सांगा. 3 मिलिमीटर सावली मोजून प्रामाणिकपणे 3 लिहिणाऱ्या गटाचं सगळ्यांसमोर कौतुक करा आणि मग त्यांच्या काठीचा कल शोधायला बसा.

मोठ्यांना दुसऱ्या गावाशी जोडून द्या. पुण्यात सावली शून्य असेल त्या दिवशी कोल्हापूरच्या कोणा मित्राला 1 मीटरच्या काठीची सर्वांत लहान सावली मोजून कळवायला सांगा. तिथे ती वेळ दीड-दोन मिनिटं आधी येते, सावली सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पडते दक्षिणेकडे. 'भारतात दुपारची सावली उत्तरेला पडते' हे पाठ असलेली मुलं इथे चमकतात. सूर्य त्या दिवशी कोल्हापूरच्या उत्तरेला गेलेला असतो, हे त्यांना आकृती काढून शोधू द्या. कोन काढायला नववी-दहावीला टॅन चालेल. आठवीला सावलीला काठीच्या उंचीने भागून 57.3 ने गुणायला सांगा, एवढ्या लहान कोनाला ते पुरतं. उत्तर सुमारे 1.83 अंश येतं. पुढे पृथ्वीचा घेर काढायची, प्राचीन ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसची जुनी रीत: दोन गावांमधलं अंतर भागिले कोन, गुणिले 360.

अडतं ते अंतरावर. मुलं मोबाइलवर रस्त्याचं अंतर बघतात, 230 किलोमीटरच्या आसपास, आणि पृथ्वीचा घेर 45 हजारांवर जातो. हवं असतं ते सरळ उत्तर-दक्षिण अंतर, सुमारे 202 किलोमीटर. ते घातलं की उत्तर चाळीस हजारांच्या जवळ येतं. ही चूक आधी टाळून देऊ नका, होऊ द्या. पुणे-नागपूर जोडी घेतली आणि रस्त्याचे सातशे किलोमीटर घातले, तर घेर दुपटीपेक्षा जास्त येतो, आणि मग अंतर म्हणजे नेमकं कुठलं, यावर वर्ग आपणहून येतो.

1 मीटरच्या काठीला आणखी एक अडचण आहे. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे टोकाची सावली जवळजवळ 9 मिलिमीटर पसरट होते. आणि 2 मिलिमीटरची चूक घेरात अडीच हजार किलोमीटरचा फरक करते. उपाय सोपा: काठीच्या टोकाला 2-3 मिलिमीटरचं छिद्र पाडलेलं पोस्टकार्ड आडवं चिकटवा. खाली सूर्याचा गोल ठिपका पडतो, त्याचा मध्य धरा, आणि छिद्राच्या बरोबर खालची जागा ओळंब्याने खूण करून घ्या.

दुपारचे हे प्रयोग असतील त्या दिवशी सकाळचा वर्ग हलका ठेवा. प्रत्येकाला टोपी आणि पाण्याची बाटली हवीच, आणि दोन नोंदींच्या मधली आठ मिनिटं सगळ्यांनी सावलीत काढायची. सूर्याकडे वर बघायचं नाही, हे तीनही गटांना दर वेळी सांगा. दहावीच्यांना जास्त वेळा.

माणसांचा हिशोब: लहानांत आठ-दहा मुलांमागे एक दादा किंवा ताई, मधल्यांत बारा-पंधरा, मोठ्यांत वीसपर्यंत चालतं. मदतनीस कमी पडले तर दहावीच्या मुलांना मधल्या गटावर पाठवा, लहानांवर नको. तिथे ती उत्तरं सांगून मोकळी होतात. मराठी माध्यम आणि सेमी-इंग्रजी एकत्र असतील तर फळ्याच्या कडेला दोन उभे रकाने कायम ठेवा, अंश-न्यूमरेटर, त्रिज्या-रेडियस असे. नाहीतर मराठी माध्यमाचं मूल विषय न कळल्यासारखं गप्प बसतं आणि तुम्ही त्याला कच्चं समजता.

कॉलेजच्या वयाला ही रीत कुठवर नेता येते, ते पाहायचं तर 1993 पासून उन्हाळ्यात भरणारा एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा गणिताचा कार्यक्रम पाहावा. तिथे पाठ सांगण्यापेक्षा प्रश्न विचारण्यावर भर असतो.

एक मोह टाळा: पुढच्या इयत्तेचा पोर्शन आधीच संपवून देण्याचा. पालक मागतात, संयोजकांनाही बरं वाटतं. पण जूनमध्ये तीच मुलं शाळेत 'हे झालंय' म्हणून कान बंद करतात, आणि झालेलं असतं ते अर्धंमुर्धं. दुसरा मोह शेवटच्या दिवशीच्या सादरीकरणाचा. दोन दिवस तालमीत जातात आणि चुणचुणीत चार मुलं बोलतात. त्यापेक्षा वह्या टेबलांवर उघड्या ठेवा, खाडाखोडीसकट, आणि प्रत्येक मुलाला आपल्या पालकांना आपल्या वहीतलं एक पान समजावून सांगू द्या. लहानांना पाच मिनिटं पुरतात. मोठी मुलं आधी लाजतात, म्हणून त्यांच्यासमोर काठी, पोस्टकार्ड आणि ओळंबा मांडून ठेवा. हातात वस्तू आली की बोलायला लागतात.